पांढरी चारचा आवाज

पेटी शिकायला मी बसलो तेव्हा पस्तिशी जवळ आली होती. या वयात हे कशाला, असे घरात कोणी म्हटले नाही. परंतु मी भाता उघडला की पत्नी रस्त्याकडची खिडकी लावून घेई, आणि त्यात दया माझ्याविषयी होती की शेजाऱ्यांविषयी, हे मी कधी विचारले नाही. नागपूरला शिकून मी बालाघाटच्या एका शाळेत इतिहास शिकवू लागलो होतो. वर्गात मला बोलता येई, कारण मध्ये टेबल असे. चारचौघांत मात्र वाक्य मनात नीट रचून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असे. पेटीत निदान सूर आधीच जागच्या जागी बसवलेले असतात, एवढ्याच विचाराने मी ती घेतली असावी.

आमच्या घरामागची भिंत एका गायकाच्या अंगणाला लागून होती. ते भरवेलीच्या मँगनीज खाणीत फिटर होते आणि जशी पाळी असेल तसे सायकलने जात-येत. वस्तीतले सगळे त्यांना भाऊ म्हणत. आम्ही वयाने बरोबरीचे असूनही मी तेच म्हणे. छप्पन्नच्या धर्मांतरानंतर आमच्या वस्त्यांत ज्या गायन पार्ट्या उभ्या राहिल्या, त्यांतली एक त्यांची. ढोलकीवर त्यांचा मेहुणा होता, जो धानाच्या मिलमध्ये काम करी. पेटीवर खाणीतलाच एक सोबती. बेंजोवर रेल्वेत खलाशी म्हणजे हरकाम्या मदतनीस असलेला एक तरुण, ज्याने तारांखाली टेलिफोनच्या रिसिव्हरमधली जुनी चकती बसवून बेंजो थेट लाउडस्पीकरच्या यंत्राला जोडला होता. त्याचा आवाज कौलांवरून पत्रा ओढावा तसा येई आणि लोकांना भयंकर आवडे.

या चौघांची एक रेकॉर्ड निघाली होती. कंपनीचे लोक यंत्रे घेऊन नागपूरला येत आणि विदर्भातल्या पार्ट्यांची गाणी भरून नेत. त्यांत यांचाही क्रमांक लागला. एका बाजूला हळदीचे गाणे, दुसऱ्या बाजूला विहाराचा पाया खणताना म्हणायचे गाणे. ती रेकॉर्ड इतकी चालली की दोन उन्हाळे वैनगंगेच्या दोन्ही काठांवर तिच्यावाचून मांडव पडला नाही. आमच्याकडची पोरे शाळेत हिंदी शिकत आणि रस्त्यावर हिंदीच बोलत, पण हळदीचे ते मराठी गाणे त्यांना तोंडपाठ होते. मीही ते खिडकी लावून पेटीवर काढण्याचा प्रयत्न करी.

एके दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला. भाऊ सायकल धूत होते.

“गुरुजी, दार उघडून वाजवा. आतमंधी कोंडून राह्यला तो सूर.”

मी भाता मिटला आणि तासभर बाहेर पडलो नाही. पण त्याच महिन्यात त्यांच्या पेटीवाल्याची बदली दूरच्या खाणीवर झाली, आणि भाऊ स्वतः माझ्याकडे आले. मला अजून काही येत नाही, असे मी त्यांना परोपरीने सांगितले. ते म्हणाले, येते म्हणणारे चार जण पाहून झाले. आता नाही म्हणणारा पाहू.

तालमीच्या पहिल्या दिवशी मी गोंधळलो. पेटीच्या पट्ट्यांवरून गायकाची पट्टी सांगतात: पांढरी अमुक, काळी तमुक. शेजारच्या मांडवात वाजणाऱ्या रेकॉर्डबरोबर मी घरी जे गाणे बसवले होते, ते पांढरी चारवरून जुळत असे. प्रत्यक्षात भाऊंनी षड्ज लावला तो काळी चारवर, म्हणजे बराच वर. माझाच कान चुकला असणार, असे धरून मी आठवडाभर गप्प राहिलो. शेवटी धीर करून विचारले. भाऊंनी ढोलकीवाल्याकडे पाहिले, ढोलकीवाल्याने बेंजोवाल्याकडे. मग भाऊ हसले, पण त्यात आनंद नव्हता.

“तुमचा कान बराबर हाय. तुमी माइकवाल्याले विचारा.”

माइकवाला म्हणजे लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावणारा. त्या काळी गावोगाव वीज नव्हती. कर्णा मोटारीच्या बॅटरीवर चाले आणि तबकडी फिरवायचे यंत्र चावीचे असे. यंत्राला वेग कमी-जास्त करणारा एक खटका होता. आमच्या भागातले सगळे माइकवाले तो खटका मागे ओढून ठेवत. त्यामुळे एका चावीत दोन रेकॉर्डी निघत आणि हात दुखत नसत. शिवाय तबकडी सावकाश फिरली की आवाज जाड होई, आणि कर्ण्यातून जाड आवाज लांबवर जातो असा त्यांचा अनुभव होता. आमच्या वस्तीतल्या माइकवाल्याने मला हे अभिमानानेच सांगितले. “पब्लिकले भारी आवाज लागते, गुरुजी. तुमच्या भाऊले मीच तर भारी बनवलं.”

ते खरेच होते. सगळा जिल्हा ज्या आवाजावर लुब्ध झाला होता तो भाऊंचा नव्हताच. त्यांचा गळा बारीक, उंच आणि पुढे टोकदार होत जाणारा. कर्ण्यातून येई तो एखाद्या रुंद छातीच्या वडीलधाऱ्या माणसाचा. याचा त्रास किती होता ते मला पार्टीबरोबर हिंडू लागल्यावर कळले. नदीपलीकडच्या एका गावात भाऊंनी हळदीचे गाणे सुरू केले आणि दुसऱ्या कडव्याला एक म्हातारे गृहस्थ उठून अगदी सौम्यपणे म्हणाले की पोरा, तू बरा गातोस, पण आम्ही त्या रेकॉर्डवाल्याला सुपारी दिली होती. मेहुण्याने शपथा घेतल्या. बेंजोवाल्याने रेकॉर्डवरचा फोटो नसलेला कागद दाखवला. अखेर गावकऱ्यांनी तडजोड काढली: भाऊंनी गावे, आणि मध्ये मध्ये रेकॉर्डही लावावी, म्हणजे कोणाचेच मन मोडणार नाही. भाऊ त्या दिवशी स्वतःच्याच आवाजाशी पाळीपाळीने गायले.  परतताना बसमध्ये मेहुणा सारखा सांगत होता की भाऊजी, त्या दुसऱ्या गवयापेक्षा तुमी बरे गायले.

कंपनीने दुसऱ्या रेकॉर्डविषयी विचारले तेव्हा भाऊंच्या मनात काय आहे हे आम्हाला कळले. कंपनीला आणखी एक हळदीचे गाणे हवे होते. भाऊंना एकच गाणे हवे होते, दोन तबकड्यांच्या चारही बाजू पुरणारे, आणि ते खाणीचे. पहिल्या बाजूला भोंगा होतो, कपाळावर दिवा बांधून माणसे पिंजऱ्यातून खाली जातात. दुसऱ्या बाजूला काम. तिसऱ्या बाजूला खाली अंधारात बसून खाल्लेली भाकर आणि त्या वेळच्या गोष्टी. चौथ्या बाजूला वर येणे. ते शब्द त्यांनी पाळीवर जाता-येता सायकलवर रचले होते. सुरुवात अशी होती: “पिंजरा उतरे सावकाश, वरचा उजेड झाला नाणं.” मला ते ऐकून जे वाटले ते मी त्यांना सांगू शकलो नाही, पेटीवर त्या ओळीमागे एक सूर लांबवला, एवढेच.

आणि हे गाणे ते पांढरी चारवरून गाणार होते.

त्यांचे म्हणणे असे की लोकांनी जो माणूस डोक्यात धरला आहे, तोच आपण होऊन दाखवावे. रेकॉर्ड आणि माणूस एक झाले की कोणी म्हणणार नाही, तू तो नव्हेस. “एकदा लोकायनं मले मांडवात पाहून म्हनावं, हौ, हाच तो. मंग मी मरायले मोकळा.” खाणीच्या गाण्याला खोल आवाज शोभेल, हेही खरे होते. माइकवाल्याला त्यांनी गाठून सांगितले की नव्या तबकड्या लावताना खटका पुढे घ्यायचा, कारण आता जाड आवाज आम्ही घरूनच आणतो आहोत. त्याने हौ म्हटले.

मग भाऊ गळा खाली आणायच्या मागे लागले. पहाटे नदीवर जाऊन कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ते खर्ज लावत. घरीही जाड आवाजात बोलू लागले. त्यांच्या पत्नीने एकदा भिंतीवरून माझ्या पत्नीला विचारले, की तुमच्याकडे कोणी पाहुणे आले आहेत काय, आमच्या घरात तर नक्की आले आहेत. मेहुणा प्रत्येक तालमीला आल्या आल्या विचारी, “भाऊजी, सर्दी कमी हाय काय आज?” पण हळूहळू तो जाड आवाज खरोखर गळ्यात मुरला. टोक बोथट झाले होते, ते मला दिसत होते. तरी नवी वस्तू घडत आहे म्हणून आम्ही सगळे भारावलेले होतो. माझ्याकडे एक काम आले जे मला येण्यासारखे होते. एक बाजू संपून दुसरी सुरू होते तिथे गाणे तुटू नये म्हणून मी प्रत्येक बाजूच्या शेवटी एक सूर धरून ठेवण्याची आणि पुढची बाजू त्याच सुरावर उघडण्याची योजना कागदावर मांडली. पट्ट्यांवरची माझी बोटेही त्या एकाच पट्टीत पक्की झाली. ते गाणे दुसऱ्या पट्टीत काढायला मी अडाणीच होतो.

नागपूरला छोट्या लाईनने गोंदियापर्यंत आणि तिथून मोठ्या गाडीने गेलो. रेकॉर्ड भरायच्या बंद खोलीत माझा एकही सूर चुकला नाही. मग कंपनीच्या माणसाने ते वाजवून दाखवले. ज्या आवाजावर आमचा मुलूख जीव टाकत होता तो तिथे, योग्य वेगाने फिरणाऱ्या तबकडीतून, जसाच्या तसा येत होता. भाऊंनी डोळे मिटून चारही बाजू ऐकल्या. तेवढे समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा पाहिले असेन, तर एकदाच.

तबकड्या आल्या त्या लग्नसराईत. वस्तीतल्याच एका मांडवात माइकवाल्याने खटका पुढे घेतला आणि पहिली बाजू लावली. लोक ऐकत होते. भाऊ पंगतीत पाणी वाढत होते आणि ऐकत नसल्यासारखे करत होते. दोन-तीन माणसांनी मान हलवली. मग आतून निरोप आला की हळद सुरू होते आहे, ते गाणे लावा. माइकवाल्याने जुनी तबकडी ठेवली, आणि खटका पुढेच राहिला.

इथे एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. हळद लावताना बाया नुसते ऐकत नसत. त्या रेकॉर्डबरोबर गात असत. दोन वर्षे त्यांनी ते गाणे त्या संथ चालीत, त्या खालच्या पट्टीत गळ्यात मुरवले होते. आता तेच गाणे खऱ्या वेगाने, भाऊंच्या खऱ्या उंच गळ्यात सुरू झाले. पहिल्या ओळीला त्या मागे पडल्या, दुसरीला आवाज चिरकले, तिसरीला हसू फुटले. हळदीने भरलेला हात तसाच वर धरून एक मावशी दारात आली.

“काहून रे, याले इंचू चावला काय? आमचं गानं काहून खराब केलं?”

माइकवाल्याने खटका मागे ओढला. गाणे पूर्ववत जाड झाले, बाया खूश झाल्या. पुन्हा भानगड नको म्हणून त्याने तो खटका तारेने बांधूनच टाकला. हळद आटोपल्यावर त्याने खाणीच्या गाण्याची दुसरी बाजू लावली ती तशाच बांधलेल्या यंत्रावर. आधीच खाली आणलेला आवाज आणखी खाली गेला. ढोलकी चिखलातून चालल्यासारखी झाली, बेंजो कण्हू लागला, आणि भाऊंचे शब्द एखाद्या फसलेल्या म्हशीसारखे ओढत ओढत येऊ लागले. पंगतीतून कोणीतरी सहज म्हणाले, “खानीत मानूस दबला वाटते.”

भरवेलीला ज्यांची माणसे जातात त्या घरांत असे कोणी बोलत नाही. बोलणाऱ्याच्या नंतर लक्षात आले आणि तो खाली पाहू लागला. भाऊंनी घागर खाली ठेवली नाही. शेवटच्या माणसापर्यंत पाणी वाढले आणि मग सायकल घेऊन गेले.

दुसऱ्या गावांतून याहून वेगळे काही आले नाही. कुठलाच माइकवाला एका लग्नात खटका पुढे-मागे करत बसायला तयार नव्हता, आणि हळदीच्या गाण्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. नव्या तबकड्या माइकवाल्यांच्या ट्रंकांच्या तळाशी गेल्या. तालीम बंद झाली. भिंतीपलीकडे बोलणे ऐकू येई ते पुन्हा पूर्वीच्या बारीक आवाजात, पण कमी. मेहुण्याने एक-दोनदा सुचवले की हळदीचे आणखी एक गाणे करून टाकावे, लोक विसरतील. भाऊ म्हणाले, लोक खाणीचे गाणे विसरतील, हीच तर अडचण आहे.

पावसाळा उलटल्यावर उकव्याहून बोलावणे आले. बैहरच्या रस्त्यावर, घाट चढून गेले की जंगलात ही खाणीची वस्ती लागते. तिथल्या कामगारांनी कुणाकडून तरी ऐकले होते की भरवेलीवाल्याने खाणीचे गाणे केले आहे. रेकॉर्ड त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. सुट्टीच्या दिवशी दुपारी कार्यक्रम ठेवायचा होता.

भाऊ भिंतीशी आले.

“गुरुजी, जाऊ आपन. पन काळी चारवरून.”

मी सांगितले की सबंध गाणे मला एकाच पट्टीत येते. बोटांना दुसरी वाट माहीत नाही. निदान महिना द्या. ते म्हणाले, महिना नाही, रविवार आहे. मग थोडे थांबून म्हणाले, “त्या आवाजात मले पुन्हा गायचं नाही. ह्या आवाजात कोनी ऐकलं नाही, तर गानं सोडून देतो. एकदा पाहून घेऊ द्या.”

त्या आठवड्यात मी खिडकी लावली नाही; लावण्याइतका वेळ नव्हता. शाळेत मुलांना प्रश्न देऊन मी टेबलाखाली गुडघ्यावर बोटे फिरवत असे.

उकव्याला मैदानात सतरंज्या टाकल्या होत्या. पुरुष बरेच होते, कडेला बाया उभ्या होत्या, आणि बाजाराचा दिवस असल्याने माणसे जात-येत होती. भाऊंनी आलाप घेतला तसा पुढच्या रांगेतल्या एकाने शेजाऱ्याला विचारले, आणि ते सगळ्यांना ऐकू गेले: “ये वो रेकॉर्डवाला नहीं है ना?”

 मेहुण्याने शपथ घ्यायला तोंड उघडले. भाऊंनी त्याला हाताने थांबवले.

“नाही. तो नाही आला,” ते म्हणाले. “मी आलो.”

आणि काळी चारवरून सुरू केले. आवाज टोकदार होता, आणि मोकळा. पिंजरा उतरण्याच्या ओळीला तो वर चढत गेला, जणू खाली जाणारा माणूस नव्हे तर वर राहिलेला उजेड गातो आहे. पांढरी चारमध्ये हे कधी जाणवले नव्हते. दुसऱ्या भागात मी एकदा चुकीची पट्टी दाबली. भाऊंनी वळून पाहिले नाही. तिसऱ्या भागात, भाकरीच्या गोष्टींना, काही लोक हसले; काही उठून बाजाराकडे गेले. चौथा भाग संपला तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. मला वाटले, संपले.

तेवढ्यात मागून एक खाणकामगार उठून पुढे आला. त्याला एक शंका होती. वर येताना पिंजऱ्याला इशारा देतात ती घंटी गाण्यात चुकली आहे, असे त्याचे म्हणणे होते. आधी लांब आणि मग आखूड हवी, गाण्यात उलटी आहे.

भाऊ म्हणाले की भरवेलीला अशीच देतात.

“भरवेलीले देत असन. हे उकवा हाय.”

दुसरा उठला आणि म्हणाला की पूर्वी इथेही तशीच होती. तिसऱ्याने त्याला खाली बसवले. बघता बघता अर्धे मैदान घंटीवर भांडू लागले. बाजारात गेलेले काही जण काय झाले म्हणून परतले. भाऊ मध्ये उभे राहून एकेकाचे ऐकत होते, प्रश्न विचारत होते, हाताने पिंजऱ्याची दोरी ओढून दाखवत होते. त्यांचा आवाज बारीक आहे की जाड, याविषयी तिथे कोणी एक शब्द काढला नाही. अखेर तो पहिला माणूस म्हणाला, “असं करा ना. चौथं पुन्हा म्हना, पन घंटी आमची ठेवा.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, आणि चौथा भाग पुन्हा सुरू झाला. घंटीच्या जागी आल्यावर ते थांबले, आणि ती घंटी समोरच्या माणसांनीच तोंडाने दिली, आधी लांब, मग आखूड.

त्यानंतर कंपनीने आम्हाला बोलावले नाही आणि आम्हीही गेलो नाही. हळदीचे गाणे आणखी काही वर्षे त्या दुसऱ्या माणसाच्या आवाजात वाजत राहिले. भाऊंना त्याचे काही वाटेनासे झाले होते; कुठे कानावर पडले तर म्हणत, बरा गाते बिचारा. खाणीचे गाणे मात्र ते खाणींवर जाऊनच गात, आणि मी बरोबर असे. उकव्याला उकव्याची घंटी, भरवेलीला भरवेलीची.